आधी कुणाचं नाक

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात एक कंपाउंडर आहे. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात आणि तो दर वेळी दुरुस्त करतो, "डॉक्टर न्हाई, कंपाउंडर." बैलाला सुई टोचताना तो अलास्कातल्या बर्फावर हजार मैल गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यतीचे रेकॉर्ड सांगतो. त्यातलं एक मी वीसदा ऐकलंय. "दोन आठवडे पळून एका सेकंदानं निकाल लागला. गाडी हाकणारा दुसराच आधी पोचलता, पण तितं कुत्र्याचं नाक धरतेत."

माझी बैलजोडी मी माजलगावच्या बाजारात दिवसभर घासाघीस करून घेतलेली. गेल्या साली शंकरपटात, बैलगाड्यांच्या शर्यतीत, माझे बैल पुढं असताना पंचांनी दुसऱ्याच्या गाडीचं चाक आधी आलं म्हणून ढाल त्याला दिली. ते मी विसरलो नव्हतो. यंदाही तेच झालं. मी बाह्या सारून पंचांच्या अंगावर गेलो, तर औषधाची पेटी घेऊन कंपाउंडर मधे आला.

"तुमी गप बसा, शेठ," म्हणाला आणि पंचांकडं वळला. "पळतंय कोण? चाक का बैल? मोबाइलातलं शूटिंग बघा, आधी नाक कुणाचं हाय."

नाक माझ्या बैलाचं होतं. पंचांनी निकाल फिरवला.

पंच मला फेटा बांधायला आले, तेव्हा कंपाउंडरनं त्यांचा हात धरला. "हे कुटं पळालेत? बैलाला बांधा."

मी कुणाचं ऐकणारा नाही. पण त्या दिवशी गुलालानं माखलेला माझा बैल फेटा बांधून पुढं चालला, आणि मी बोडक्यानं, छाती काढून, त्याच्यामागं.