पोथीतल्या जहाजाचं दार

बाजारपेठेत शिंपी आणि औषधवाला यांच्या मधे कपाटाएवढं एक दुकान होतं. त्यात किल्ल्या बनवण्याचं एक यंत्र, एक स्टूल आणि भिंतभर लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. स्टुलावर बसणाऱ्या बाईला सगळे किल्लीताई म्हणत. दुकान तिच्या वडिलांचं. मोठ्या भावाने नोकरी धरून दुसरं शहर गाठलं, वडील गेले, आणि कुलपाला कान लावून खिट्टी ओळखायला शिकलेली ही मुलगी कुणी सांगायच्या आत स्टुलावर जाऊन बसली. तेव्हा ती विशीत होती. चाळिशी उलटली तरी ती तिथेच होती.

आईला हे कधीच पटलं नाही. "दिवसभर परक्यांच्या दारात वाकून बसतेस," ती ताटावर बसल्या बसल्या सुरू करायची, "मान मोडेल, डोळे जातील, आणि हाताला तो लोखंडाचा वास." किल्लीताई दुसरी भाकरी वाढून घ्यायची. दोघींचा संसार तसा बरा चालला होता. भांडणही ठरलेल्या वेळी होई आणि ठरलेल्या वेळी मिटे.

गावाबाहेर कौलांचा एक कारखाना होता, बंद पडलेला. मालक सत्तरीचे. बायको गेलेली, मुलं परदेशी. लहानपणी त्यांची आई पोथी वाचायची, त्यातली प्रलयाची गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली होती. सगळं जग बुडणार म्हणून एक माणूस कोरड्या जमिनीवर जहाज बांधतो आणि जनावरांच्या जोड्या त्यात भरतो, ती गोष्ट. मालकांनी कारखान्याच्या मोकळ्या जागेत तसंच जहाज उभारायचं ठरवलं. आत लाकडी जनावरं, बाहेर तिकीटखिडकी. लोकांनी डोक्यावर परिणाम झाला म्हटलं. मालकांनी सुतार लावले, आणि दोन पावसाळ्यांत जहाजाचा सांगाडा रस्त्यावरून दिसायला लागला.

मग एक दिवस ते पोथी घेऊन किल्लीताईच्या दुकानासमोर उभे राहिले.

"ताई, यात लिहिलंय, जहाजाला दार एकच. कुशीला. आणि सगळे आत गेल्यावर देवाने स्वतः ते बाहेरून लावून घेतलं. मला अगदी तसंच पाहिजे."

"देवाला कडी लागते की अडसर, ते लिहिलंय का?"

मालकांनी खरोखरच पानं चाळली. "नाही लिहिलेलं."

"मग मी अडसर लावते. कडी एवढ्या दाराला पुरायची नाही."

इतकं मोठं काम तिला कधी मिळालं नव्हतं. दार दोन पुरुष उंच, फळ्या हाताच्या पंजाएवढ्या जाड. बिजागऱ्या तिने लोहाराकडे उभं राहून घडवून घेतल्या आणि त्यांच्या खिळ्या दोन्ही टोकांनी ठोकून बसवल्या, कधीही निघू नयेत अशा. संध्याकाळी घरी आल्यावर ती दाराबद्दल बोलायची. आई भाजी निवडत ऐकायची आणि म्हणायची, "बुडणार आहे का ते? नाही ना? मग दार कशाला हवंय?"

अग्निशमन दलाचे साहेब तपासणीला आले आणि अडले. "आतून उघडलं पाहिजे."

"पोथीत आतून उघडायचं नाही," मालक म्हणाले.

"पोथीत तिकीट लावलेलं नव्हतं."

शेवटी किल्लीताईने आतून अडसर उचलणारी एक दांडी बसवली. साहेबांनी ती चार वेळा ओढून पाहिली आणि मान हलवली. मालक दोन दिवस दाराभोवती फिरत राहिले. मग त्यांना दाराच्या कडेने उजेड दिसला. "फट आहे. पाणी शिरेल."

"पाणी येणार कुठून, मालक?"

"कुठून का येईना. जहाज आहे."

सुतारांतले थोरले, सुतारकाका, म्हणाले, लाकडाला थोडी जागा ठेवा, दमट हवेत ते फुगतं. किल्लीताईने ऐकलं. पण घट्ट बसलेल्या दाराचा तो जड, भरीव आवाज तिलाही आवडायला लागला होता. तिने कडेने पट्टी ठोकून फट बुजवली.

उद्घाटनाआधी एक रंगीत तालीम ठरली. कामगारांच्या घरची, ओळखीपाळखीची माणसं बोलावली. त्या आठवड्यात पावसाची झड लागली होती, भिंतींना ओल आली होती. "एवढं काय केलंयस ते बघते तरी," म्हणत आईही आली आणि सगळ्यांबरोबर आत गेली. किल्लीताई बाहेर थांबली, कारण दार देवाने लावायचं होतं आणि देवाचं काम तिच्याकडे होतं. सुतारकाका आणि दोघं कामगार दाराला भिडले, चौघांनी जोर लावून दार ढकललं. अडसर पडला. आतून टाळ्या ऐकू आल्या.

थोड्या वेळाने आतून दांडी ओढली गेली. अडसर उचलला गेला. दार हललं नाही.

आतल्यांनी ढकललं, बाहेरच्यांनी पहार घातली. दार चौकटीत रुतून बसलं होतं. किल्लीताईने बिजागऱ्यांकडे पाहिलं. त्या निघणार नाहीत याची तजवीज तिनेच केली होती. सुतारकाका अग्निशमन दलाला फोन करायला धावले.

छपराखालच्या झरोक्यांतून आईचा आवाज आला. "काय झालं गं?"

"दार फुगलंय, आई! घाबरू नकोस!"

"मी कुठे घाबरलेय? ओरडतेयस तू. काम कर."

आत काय झालं ते नंतर कळलं. अंधारात मुलं रडायला लागली, मालकांना धाप लागली. आईने त्यांना लाकडी उंटाला टेकवून बसवलं, गळ्याची गुंडी सोडली आणि बजावलं, "तुमच्या हौसेपायी आलोय इथे. आता गोष्ट सांगा. पहिल्यापासून." मालक धापा टाकत सांगू लागले. मधेच आई विचारायची, एवढ्या जनावरांचं शेण कोण काढत होतं? मुलं हसली. मालकांचा श्वास हळूहळू जागेवर आला.

साहेब गाडी घेऊन आले. त्यांच्या माणसाने करवत सुरू केली, तेव्हा किल्लीताई म्हणाली, "माझ्याकडे द्या. आत लोखंडी पट्ट्या कुठे आहेत ते मला माहीत आहे." बिजागऱ्यांच्या कडेने तिने फळ्या कापल्या. रेघ सरळ गेली. दार बाहेर कोसळलं आणि माणसं डोळे चोळत बाहेर आली.

साहेबांनी विचारलं, "चूक कोणाची लिहू?"

"माझी," किल्लीताई म्हणाली.

"फट मी बुजवायला लावली," मालक म्हणाले.

"वाटून घ्या," आई म्हणाली, "आणि कुणीतरी चहा सांगा."

उद्घाटन लांबलं. नवीन दार हलकं आणि सैल झालं, मागच्या बाजूला जिन्यासह दुसरी वाटही निघाली. दोन्ही कामं किल्लीताईनेच केली. मालकांनी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. पोथीतल्या ओळीबद्दलही ते पुन्हा बोलले नाहीत.

त्यानंतर बरेच महिने कुठल्याही घरचं कुलूप बसवलं की किल्लीताई घरच्यांना बाहेर उभं करायची, स्वतः आत जाऊन दार लावायची आणि उघडून बाहेर यायची. लोकांना वाटायचं, बाई कामाला चोख आहे. रविवारी ती सुतारकाकांकडे रंधा मारायला शिकायला जाऊ लागली.

आईला मात्र जहाजाची गोडी लागली. बस पकडून ती तिथे जायची, उंटाशेजारी खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना अडकल्याची गोष्ट सांगायची. दर खेपेला गोष्ट लांबायची, आणि दर खेपेला तिची मुलगी त्यात थोडी जास्त रडकी व्हायची. मालक तक्रार करायचे की आई पाहुण्यांना पुढे सरकू देत नाहीत. ज्या दिवशी ती यायची नाही, त्या दिवशी किल्लीताईच्या दुकानात त्यांचा फोन यायचा.

पुढे आईचं फिरणं थांबलं. तेव्हा मालक काठी टेकत घरी यायला लागले. पलंगाशेजारी बसून पोथी वाचायचे. किल्लीताई दुकान बंद करून आली की दोघांचा वाद जिन्यातूनच ऐकू येई. आईचं म्हणणं, त्या जहाजवाल्याच्या बायकोला एकदा तरी बोलू द्यायला हवं होतं. मालकांचं म्हणणं, जे लिहिलेलंच नाही ते वाचू कसं?

"मग सोडा ते," आई म्हणायची. "जनावरांचं वाचा."

किल्लीताई हात धुऊन तिघांचा चहा टाकायची.