दादाची छाती आणि न आलेला पाऊस

संध्याकाळी वहिनीचा फोन आला, "बाई, लवकर या... तुमचे दादा गेले." मी आमगावला, माझ्या घरी पोळ्या लाटत होते. सकाळीच तर भांडले होते त्याच्याशी! महिना उलटला, तरी ते भांडण डोक्यात चालूच आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या या थोरल्या भावाचं नागपूरला बायपास झालं. तेव्हापासून हवा दमट झाली की छातीच्या मधोमध, टाक्यांच्या जागी, ओढल्यासारखं व्हायचं आणि बहुतेकदा पाऊस यायचाच. मग काय, माहेरच्या गावाला फुकटची वेधशाळा मिळाली! कापणीच्या दिवसांत माणसं सकाळीच अंगणात हजर. "काय भाऊ, छाती काय म्हणते?" दादा छातीवर हात ठेवून डोळे मिटायचा, अंगात आल्यासारखा. लबाड कुठला... आवडायचं त्याला ते. ऑपरेशननंतर "जड उचलू नको" म्हणत सगळ्यांनी त्याला खाटेवर बसवलं होतं. या एका गोष्टीपायी लोक त्याला पुन्हा विचारू लागले होते.

त्या सकाळी फोनवर म्हणाला, "आज बहुत जड वाटून राहिलं. जोराचा पाणी येते."

"पाणी गेलं चुलीत! आधी गोंदियाला जाऊन डॉक्टरला दाखव."

"कायले? कडपा शेतात पडून हायेत."

कडपांतलं, कापून पसरलेलं धान भिजलं की कोंब फुटतात, हे मला का ठाऊक नाही? पण आभाळ लख्ख होतं हो! तरी दादाचा शब्द म्हणून सारं गाव शेतात धावलं. भारे बांधले, रचून पुंजणे उभे केले. ज्याला उचलायची मनाई, तोही उचलत राहिला... आमच्या पुंजण्यावर शेवटचा भारा ठेवून खाली बसला, तो उठलाच नाही. पाऊस त्या दिवशी आला नाही, नंतरही नाही.

आता गावाची मळणी उरकली. वहिनी मात्र आमच्या पुंजण्याला कोणाला हात लावू देत नाही. परवा मी चिडून मशीनवाल्यालाच घेऊन गेले. म्हटलं, "उंदीर खातील ना सगळं!"

"खाऊ द्या," वहिनी म्हणाली. "ह्याच्यापायी गेले ते. त्याचा भात माह्या घशाखाली उतरन का?"

मी एक भारा ओढून पाहिला. गच्च बांधलेला, हलेना. मशीनवाला विचारत होता, "क्या करना है, दीदी?" त्याला परत पाठवलं आणि त्या धानाला टेकून मोठमोठ्यानं रडले, भांडले... भिजलं असतं तर भिजलं असतं ना रे, दादा!