शेजारणीपेक्षा हातभर खोल

आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत पाणी येत नाही, 'नळ येतात'. आठवड्यातून एकदा, तेही घाईतल्या पाहुण्यासारखे, घटकाभर टेकून लगेच निघायच्या बेतात. दाब इतका कमी, की नळ जमिनीच्या वर असला तर नुसता फुसफुसतो. म्हणून तेव्हा प्रत्येकानं दारासमोर गुडघाभर खड्डा खणून नळ त्यात उतरवलेला आणि वर फरशी झाकलेली. नळ बंद कुणीच करायचं नाही. उघडा असला म्हणजे पाणी यायच्या आधी आतली हवा शिट्टी मारते आणि बायका हंडे घेऊन पळतात.

ही गोष्ट आठ-दहा वर्षांमागची. मी पन्नाशी ओलांडलेली, पण अक्कल अजून दुधाच्या दातांची. माझा सगळा जीव शेजारणीच्या नळात अडकला होता. तिचं घर माझ्यापेक्षा उताराला. त्यामुळं तिच्याकडं पाणी आधी यायचं, मनगटाएवढ्या धारेनं, काचेसारखं. माझ्याकडं करंगळीएवढं. ती दारात उभी राहून विचारायची, "आक्का, तुमचा आला का वो?" आला नाही हे तिला दिसत असायचं. मी म्हणायची, "येतोय, येतोय," आणि पोटात असं दुखायचं की ओव्यानंही थांबू नये.

त्यात तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला नातू झाला. माझी सून पुण्यात, लग्नाला पाच वर्षं झालेली, अन् फोनवर नुसतं 'बरं आहे, आई.' शेजारणीच्या दोरीवर दुपटी वाळताना दिसली की मी मान फिरवायची. कुणी कारण विचारलं असतं, तर मी नळाचंच सांगितलं असतं.

शेवटी मी ह्यांना म्हटलं, "आपला खड्डा हातभर खोल करा."

"का? विहीर काढायचीय?"

"तिच्यापेक्षा खाली गेला पाहिजे."

हे चिकलठाण्याला कारखान्यात फिटर. एका सुट्टीच्या दिवशी कुरकुरत का होईना, नळ खाली घेतला. शेजारीण डोकावली तेव्हा मी सांगितलं, फरशी फुटली होती, बदलतोय. पुढच्या पाळीला माझ्याकडं अशी धार लागली! आणि तिची बारीक झाली. मी दोन ड्रम भरले, टाकी भरली, पातेली भरली, पुरणाचं मोठं भगुणंसुद्धा सोडलं नाही. मग दारात जाऊन गोड आवाजात विचारलं, "आला का गं तुझा?" काय ती ऐट! जणू जायकवाडीचं धरण माझ्या माहेरानं आंदण दिलेलं.

पावसाळ्याच्या तोंडाला शेजारीण फावडं घेऊन पावसाच्या पाण्याची नाली साफ करत निघाली. त्या नालीत काय नव्हतं! कोपऱ्यावरच्या गॅरेजचं काळं ऑइल, कोंबडीवाल्याची पिसं, दुधाच्या पिशव्या, आमची भांड्यांची राख. ती म्हणाली, "आक्का, तुमच्या दारापुढचं तेवढं तुम्ही काढा. नाय तर तुंबंल."

"काढते की," मी म्हटलं. मनात म्हटलं, मोठी आली मुकादमीण. हिनं सांगितलं म्हणून काढायचं? मग नाहीच काढणार. आणि नाहीच काढलं.

एका सोमवारी सकाळी नळ येऊन गेले आणि दुपारी धो धो पाऊस झाला. नाली बरोबर माझ्याच दारापुढं तुंबली आणि माझ्या खड्ड्यात उतरली. पाऊस थांबल्यावर फरशी उचलली, तर खड्डा काठोकाठ काळ्या पाण्यानं भरलेला, वर पिसं पोहत होती. उपसायला बादली आणायला गेले. परत येते तो पाणी निम्म्यावर! नळाच्या तोंडावर भोवरा फिरत होता आणि म्हैस पाणी पिते तसा घुट-घुट आवाज. बघता बघता खड्डा रिकामा. एक पीस तेवढं नळाच्या तोंडाला चिकटून राहिलं.

आणि मी खूश! संध्याकाळी ह्यांना कौतुकानं सांगितलं, "उपसायची कटकटच गेली. आपोआप जिरलं."

ह्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "जिरलं कुठं? खाली सिमेंट आहे. अगं, नळ उघडा होता. पाळी संपली की लाईन रिकामी होते, ओढ घेते. लाईननं ती नाली पिऊन टाकली. आता पुढच्या पाळीला ते पाणी आधी कुणाकडं जाईल?"

उतार कुणीकडं आहे, ते मला तोंडपाठ होतं.

"जा, आत्ता सांगून ये. बाळंतीण आहे त्या घरात."

"सकाळी सांगते."

मंगळवारी तिच्याकडं पाहुणे होते. बुधवारी माझे गुडघे दुखत होते. गुरुवारी तिच्या दारापर्यंत गेले, दोरीवरची दुपटी पाहिली आणि कढीपत्ता मागून परत आले. सांगायचं म्हणजे खड्ड्याची खोलीही सांगावी लागणार. आणि लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते: एकदा तिलाही कळू दे घाण पाणी काय असतं, असंही मनात येऊन गेलं. ह्यांनी विचारलं, "सांगितलंस का?" मी म्हटलं, "सांगितलं." तेव्हाच्या त्या खोटारड्या बाईला आज चपलेनं मारावं, पण तिचे गुडघे माझेच आहेत.

रविवारी शिट्टी वाजली. तिचं पाणी नेहमी स्वच्छ, म्हणून ती पहिल्या धारेनं पिण्याचाच हंडा भरायची. मी खिडकीतून पाहिलं. ती खड्ड्यात वाकलेली, लेक ओट्यावर बाळाला घेऊन बसलेली, हातात रिकामा तांब्या. "आई, आधी मला दे, घसा सुकला."

मी अनवाणी धावले. "भरू नको! थांब!"

"का वो आक्का?" ती वर न बघताच हसली. "तुमचा आला नाय म्हणून माझाबी थांबवताय व्हय?"

तिनं भरलेला हंडा वर उचलून ओट्याच्या कडेला टेकवला. मी हंड्याला लाथ मारली. भरल्या हंड्याला लाथ! गल्लीतल्या बायका बघतच राहिल्या. पाणी ओट्याच्या फरशीवर पसरलं आणि त्यावर ऑइलचे निळे-जांभळे रंग फिरू लागले. मग मी सगळं सांगितलं. खड्डा, नाली, भोवरा, सगळं.

तिनं एकच विचारलं, "कधीपासून ठाऊक व्हतं?"

"सोमवारपासून."

ती लेकीकडं वळली, तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. नंतर गल्लीच्या मधोमध जाऊन ओरडली, "कुणी भरू नका गं! लाईनीत नालीचं पाणी शिरलंय!" कुणाच्या खड्ड्यातून ते नाही सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पाणी तिचं जास्त, नातू तिला, आणि आता मनाचा मोठेपणाही तिलाच!

लाईनमन आला, त्यानं लाईन धुऊन काढली, ब्लिचिंग टाकलं. सगळ्या गल्लीची पाळी वाया गेली. माझ्याकडं मात्र मागच्या पाळीचा एक ड्रम झाकलेला होता. मी हंडा भरून तिच्या दारात नेला.

तिनं पेला पुढं केला. "आधी तुम्ही प्या, आक्का."

मी प्यायले. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "अजून एक."

दुसराही प्यायले. मग तिनं हंडा आत घेतला आणि पाणी उकळायला ठेवलं. मी खेपा घालत राहिले. शेवटच्या खेपेला ती पाय पसरून बसली होती, बाळ पायांवर, अंगाला तेल लावलेलं. माझ्याच पाण्याची धार त्याच्या पाठीवरून ओघळत होती आणि ते मुठी आवळून रडत होतं. खोटं का बोलू, तेव्हाही मनात आलं, पाणी माझं आणि नातू हिचा.

"नुसत्या बघताय काय," ती म्हणाली, "टॉवेल धरा की!"

मी टॉवेल धरला.