तीनचाकीची सोसायटी

माझा राग नाकावर असतो, हे शिरूर कासारकडच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. पोलिओनं हिचे पाय नेले, जीभ तेवढी शाबूत ठेवली, असं माय म्हणायची. नववीपर्यंत तिनं मला पाठुंगळी घेऊन शाळेत सोडलं. मग तालुक्याच्या शिबिरात मला हातानं चालवायची तीनचाकी सायकल मिळाली. अंगणात मी इतक्या गिरक्या मारल्या की कोंबड्या परागंदा झाल्या.

मायनं गाडीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर पाण्याच्या दोन घागरी ठेवल्या.

त्या साली पाऊस झालाच नव्हता. दिवाळीच्या आधीपासूनच गावात टँकर, तोही नेमका शाळेच्या वेळेला. मायच्या दोन घागरी बघून शेजारणीनं तीन ठेवल्या, मग अख्खी गल्लीच लागली रांगेला. आयत्या बिळावर नागोबा! गाडी टँकरपाशी आणि मी दप्तर घेऊन उंबऱ्यात. चार दिवस पहिला तास बुडाला. पाचव्या दिवशी माझ्या डोक्यात तिडीक गेली. टँकर यायच्या आधीच मी गाडीत जाऊन बसले, ती उतरलेच नाही.

बाया आधी चिडल्या, मग हसायला लागल्या. खरं तर गरज मलाही होती. शाळेची वाट चढाची, खडकाळ. मागून कुणी ढकलल्याशिवाय गाडी वर जायची नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध सोसायटीचे सभासद होते. दूध घालील तोच सभासद, हा तिथला नियम मी लहानपणापासून ऐकत आले होते. तोच मी इथं लावला. ज्या दोघी सकाळी मला चढ चढवतील, त्यांच्याच घागरी त्या दिवशी गाडीवर. मला वर्गात बसवायचं, पाणी न्यायचं, शाळा सुटायच्या आत गाडी परत आणायची. वार ठरले. बाया मला चेअरमनबाई म्हणू लागल्या, आणि ते मला लई आवडायचं, खोटं कशाला बोलू.

चढावर मी मोठ्यानं धडे वाचायची. त्यांनाही गोडी लागली. हृदयाला चार कप्पे असतात हे ऐकून एक जण म्हणाली, चार असून नवऱ्याला एकात बी जागा न्हाई. हसता हसता गाडी मागं घरंगळली, आणि आम्ही तिघी बाभळीच्या काट्यात.

दिवाळी झाली आणि मुकादमाचा ट्रक आला. गल्ली सगळी ऊसतोडीला जाणारी, माय-अण्णासुद्धा. मला ढकलायला कुणीच उरणार नव्हतं. तूबी चल, शाळेचं पुढच्या साली बघू, असं अण्णा म्हणाले. उसाच्या फडावर गेलेली पोरं पुन्हा वर्गात दिसत नाहीत, हे मी पाहिलेलं होतं. मी भांडले, जेवले नाही, शेवटी रडले. गाडी ट्रकात चढवायला दोघं पुढं झाले.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या बागायतदाराच्या घरातल्या काकू आल्या. त्यांच्या दारात स्वतःची बोअर, त्यामुळे टँकरला त्या कधी आल्या नाहीत, गाडीलाही हात लावला नाही. रोज त्यांच्याच भिंतीजवळून आम्ही जायचो, पण कधी दोन शब्द बोलल्या नव्हत्या.

त्या अण्णांना म्हणाल्या, "पोर माझ्याकडं ऱ्हाईल. सकाळी मी ढकलीन."

अण्णा गोंधळले. "वहिनी, तुमच्याकडं तर पाणी हाय."

"पाण्यासाठी न्हाई. मला तिसरीतनंच काढलं होतं. रोज भिताडामागं उभी राहून हिचा धडा ऐकते. तुमची गाडी पुढं निघून जाती अन् माझा धडा अर्धाच ऱ्हातो."

मायनं माझं बोचकं ट्रकातून खाली काढलं.

दुसऱ्या दिवशी चढ संपला, पण धडा संपला नव्हता. काकूंनी शाळेच्या फाटकापाशी गाडी उभी केली, पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, "वाच."