ताऱ्याला तीट

नंदुरबार-शहादा बसमध्ये शेजारच्या आजींच्या मांडीवर नातू होता, पदराखाली पुरता झाकलेला. मी डोकावलो की त्या पदर आणखी ओढत.

"काय काम करस भाऊ?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, तारे जन्मताना बघतो. सूर्यापेक्षा कितीतरी जड तारे. धुळीच्या ढगात दडलेले असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्यांच्यामुळे धूळ तापते, आणि ती ऊब आमची अवरक्त दुर्बीण टिपते.

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या न्हाणीघराशी सापडलो होतो.

"इतलं गुटगुटीत पोर, मायनी झाकेल शे, आन तू यंत्र लाईसन देखी ऱ्हायना? नजर लागी जाई ना!"

प्रकाशा गावाला उतरण्याआधी मात्र त्यांनी स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटाने बाळाच्या गालाला लावलं आणि पदर बाजूला केला. "आते देख."

तेव्हापासून माझ्या संगणकाच्या पडद्यावर, कोपऱ्यात, एक काळी टिकली असते. परवा आमच्या गाईड मॅडमना ती आधी खराब पिक्सेल वाटली, मग त्यांनी ती नखाने खरवडून काढली.

"मॅडम, तीट आहे ती!"

"इतक्या लांब कुणाची नजर लागणार?"

"आपलीच."

मॅडमनी टिकली अंगठ्याने दाबून पुन्हा जागेवर बसवली.