वैरागहून जाणारा चटणीचा डबा

सोप्या रेसिपींचा मला राग येत नाही, कीव येते. पाच मिनिटांत भाजी, दोन वस्तूंत मिठाई, गॅस न पेटवता नाश्ता. मग स्वयंपाकघर तरी कशाला बांधलं म्हणते मी, मोबाइल ठेवायला एक फळी पुरली असती.

माझी सोलापूरची वहिनी याच पंथातली. मोबाइल पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवायचा आणि त्यातली बाई लाडात येऊन सांगेल तसं करायचं. वरण, भात आणि बटाटे एकाच कुकरात, ढोकळा मायक्रोवेव्हमध्ये, भाकरी करायला बाई लावलेली. मला वैरागला मोठ्या घरात दिलेलं. तिथं भाकऱ्या थापून थापून माझ्या तळहातांचं कातडं झालंय. वहिनीचे तळहात बघितले की मला तिचा संसारच खोटा वाटायचा.

शेंगाचटणीच्या बाबतीत तर मी कुणाचं ऐकूनच घेत नाही. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, सालं पाखडून टाकायची, लसूण, जिरं, मीठ आणि तिखट घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. दाणा पुरता मोडता कामा नये, दाताखाली आला पाहिजे. झाली कृती. ज्याचे हात दुखतात त्यानं चटणी खाऊ नये. दर महिन्याला, सोलापूरला जाणारं कुणी सापडलं की मी अव्वासाठी डबा पाठवायची. अव्वा म्हणजे माझी आई, ती दादा-वहिनीकडंच असते. फोनवर ती म्हणायची, "तुज्याच हातची खाते बघ." हे मी अर्ध्या वैरागला सांगून झालं होतं.

मागच्या वर्षी दादाचा फोन आला. तापानंतर अव्वाचं वजन फार उतरलं होतं. पंधरा दिवसांत पोटात अन्न जायला लागलं नाही तर दवाखान्यात ठेवून नळीनं भरवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तासाभरात मी एसटीत बसले. मांडीवर चटणीचा ताजा डबा होता आणि गुन्हेगार कोण हेही मी ठरवून टाकलं होतं. त्या मोबाइलवरचं खाऊन माणूस वाळणार नाही तर काय.

चार दिवस मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. भरली वांगी केली, शेंगदाण्याची आमटी केली, तव्यावरची फुगलेली भाकरी तिच्या ताटात वाढली, शेजारी माझी चटणी. अव्वा एक घास घ्यायची, बराच वेळ तोंडात घोळवायची आणि म्हणायची, "पोट भरलं की." मला रडू यायचं. मग दुपारी वहिनी ताकात भिजवलेली भाकरी वाटीत घेऊन यायची, तिच्यावर तांबडी भुकटी भुरभुरवलेली, आणि तो लगदा अव्वा मुकाट्यानं खायची. वाटी अर्धी व्हायची, जास्त नाही, पण व्हायची. सासूला काय शिकवून ठेवलंय हिनं, असं मी मनात म्हणायची. मनात कसलं, एकदा दादालाही म्हणाले.

त्यातच रविवारी वहिनीच्या भिशीच्या बायका आल्या. घरात आजारी माणूस आणि हिची पार्टी. "अव्वांना माणसं बघून बरं वाटतं," असं तिचं म्हणणं. खायला काय, तर कडक भाकरीचे तुकडे, त्यांवर दही, तीच तांबडी भुकटी, कांदा आणि शेव. याला म्हणे भाकरी चाट. आपल्या लोकांनी महिना-महिना टिकावी म्हणून केलेली भाकरी, तिला असं शेव लावून नटवायचं. बायका बोटं चाटत होत्या. एकीनं चटणीची रेसिपी विचारली.

मला राहवलं नाही. चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवून मी सगळ्यांदेखत म्हणाले, "ही चटणी न्हवं. हिला ना दाणा, ना तेल. मिक्सरला चव कळती व्हय?"

वहिनीनं आतल्या खोलीतल्या अव्वाच्या कॉटकडं बघितलं. मग म्हणाली, "वन्सं, चहा टाकू का?"

मला वाटलं, जिंकले.

बायका गेल्यावर अव्वानं मला कॉटवर बसवून घेतलं.

"ती तुजीच चटणी हाय," ती म्हणाली. "माज्या दाढा जाऊन चार वर्सं झाली. तुजा दाणा हिरडीत रुततो. ती जरा फुटाण्याचं डाळं घालून मिक्सरला लावती. तुला कळू द्यू नगं म्हून मीच सांगितलं हुतं तिला."

"मग मलाच का सांगितलं न्हाईस?"

"तू मिक्सरची पाटवली असतीस व्हय? पाटवायचंच बंद केलं असतंस. मला तुज्याच हातची खायची हुती."

अव्वाच्या दाढा गेल्यात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कवळी तिला बसत नाही, ती डबीत पडून असते, हेही मला दिसत होतं. चार दिवस तिच्या तोंडात घास घालत होते आणि त्या तोंडात काय उरलंय ते मी बघितलं नव्हतं. मोबाइलवर बघून रांधणाऱ्या बाईनं मात्र ते बघितलं होतं. वर चार वर्षं तोंड मिटून माझी बोलणीही खाल्ली होती. माझी मलाच लाज वाटली. वहिनीवरचा माझा राग आणखी वाढला, कारण आता तो काढायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा डबा उघडला, चटणी मिक्सरच्या भांड्यात घातली आणि झाकणाशी झटापट करत बसले. ते बसेना. वहिनी मागं केव्हा येऊन उभी राहिली कळलं नाही.

"डावीकडं फिरवा, वन्सं. आणि डाळं राहिलं."

तिनं बरणी पुढं केली. मी दोन चमचे डाळं घातलं आणि डोळ्यांदेखत माझ्या चटणीचं पीठ केलं. चवीला ती भुकटीच लागते, हे माझं मत अजून आहे. अव्वानं त्या दिवशी अख्खी वाटी संपवली आणि आणखी मागितली.