गुरुवारी न हलणारी जमीन

माझी आई विहारात बायकांना सांगायची, "आमची पोरगी भूकंपात आहे." बायका हळहळायच्या. मग आईला पुढचं सगळं सांगावं लागायचं, की पोरगी सुखरूप आहे, नांदेडलाच आहे, फक्त भूकंपाच्या प्रकल्पात कामाला लागली आहे. त्यावर हमखास प्रश्न यायचा, पर्मनंट आहे का. आई विषय बदलायची.

भूशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी ज्या सरांच्या हाताखाली संशोधनाला लागले, ते सर आवाजाच्या मागावर होते. निलंग्याकडच्या गावांत जमिनीखालून अधूनमधून गडगड ऐकू येते. लांब कुठं तरी सुरुंग उडावा तशी. मोठा भूकंप ज्यांनी बघितलाय ते आवाज आला की जेवणाच्या ताटावरून उठून अंगणात येतात, थोडा वेळ उभे राहतात आणि परत जाऊन जेवतात. हे आवाज नेमके कुठून आणि किती खोलवरून येतात ते शोधायला आम्ही त्या भागात लांबलांबच्या गावांत छोटी भूकंपमापक यंत्रं बसवली होती. ती जागच्या जागी नोंद करत राहायची. माझं काम म्हणजे एसटीनं जायचं, यंत्रातलं कार्ड काढून दुसरं घालायचं, बाहेरच्या सौर पॅनेलवरची धूळ पुसायची आणि परत यायचं. वडील विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीला होते, ते म्हणायचे, एवढं शिकून शेवटी फडकंच आलं हातात.

त्यातलं एक यंत्र निलंग्याच्या पुढं एका शेतात होतं. शेताचे मालक साठीचे, उंच, बोलायला कमी पण वजनदार. मी त्यांना काका म्हणायची. विहिरीजवळची त्यांची खताची खोली त्यांनी आम्हाला रिकामी करून दिली. आम्ही खोलीत काळा पाषाण लागेपर्यंत खणलं, त्याच्यावर सिमेंटचा ओटा बांधला आणि ओट्यावर यंत्र ठेवलं. बाकीच्या खोलीला कोबा करून घेतला. काका स्वतः उभे राहून गवंड्याला घोटून घ्यायला लावत होते. कोबा असा झाला की त्यात तोंड दिसावं.

यंत्र आल्यावर गावात थोडी कुजबुज झाली. हे मशीनच भूकंप आणतंय असं काही जणांचं म्हणणं होतं. काकांनी पारावर एकच प्रश्न विचारला, "थर्मामीटर लावल्यानं ताप येतो का?" तिथून पुढं कुणी बोललं नाही. उलट काकांचा मान वाढला. कुणाच्या घरी भांडं वाजलं तरी काकांना फोन जायचा. सकाळी दूध घालायला जाताना लोक विचारायचे, आज कसं हाय? काका म्हणायचे, आज शांत हाय. जसं काही जमीन त्यांच्या घरी बाळंतपणाला आली होती.

काकू मात्र यंत्राच्या भानगडीत नव्हत्या. खोलीची झाडलोट त्या करायच्या, मला चहा द्यायच्या आणि भाकरी खाल्ल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत. पन्नाशीच्या पुढच्या, अंगानं भरलेल्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांच्यासमोर यंत्राचा विषय निघाला की त्या चुलीतलं लाकूड मागंपुढं करायच्या. मला वाटायचं, बाईला भूकंपाची भीती आहे.

हिवाळ्याच्या सुरुवातीला मी आणलेलं कार्ड सरांनी संगणकावर उघडलं आणि खुर्ची पुढं ओढली. दुपारच्या वेळी यंत्रानं धक्के नोंदवले होते. लहान, पण स्पष्ट. एकामागोमाग एक, जवळजवळ सारख्या अंतरानं, मध्ये थोडी उसंत, की पुन्हा सुरू. असं जवळपास रोज. दुसऱ्या कुठल्याच गावच्या यंत्रात त्यांचा मागमूस नव्हता.

मी म्हणाले, खोलीत काही तरी पडत असेल. सर म्हणाले, रोज दुपारी पडतं? मग मी विहिरीवरच्या मोटारीचं नाव घेतलं. सर म्हणाले, मोटार थरथरते, ठोके देत नाही. त्यांच्या डोक्यात तोवर दुसरंच काही शिजायला लागलं होतं. उसाला पाणी देतात, ते पाणी कातळाच्या भेगांत उतरतं, भेगांतला दाब वाढतो आणि अगदी वरच्या थरात बारीक धक्के बसतात. म्हणून लांबच्या यंत्रांना ते कळत नाहीत. कल्पना वाईट नव्हती. पुस्तकात बसणारी होती. सरांनी फळ्यावर आकृती काढली आणि तिच्याभोवती चौकट करून 'पुसू नये' असं लिहिलं.

अडचण एवढीच होती की तिकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री यायची. पाण्याचा संबंध असता तर धक्क्यांची वेळही बदलायला हवी होती. ती बदलत नव्हती. आणि मला आणखी एक गोष्ट दिसली. मी ती सरांना सांगावी की नाही या विचारात बराच वेळ काढला. शेवटी सांगितली.

"सर, गुरुवारी जमीन हलत नाही."

सरांनी चष्मा काढला. पुन्हा घातला. मागची सगळी कार्डं काढून बघितली. एकही गुरुवार हलला नव्हता.

"जमिनीला उपास आहे का?" सर म्हणाले. पण त्यांच्या आवाजात चेष्टा कमी आणि काळजी जास्त होती. आपणच जाऊन बघायचं ठरलं.

आम्ही जीप करून गेलो तो दिवस बुधवार होता. सर येणार म्हटल्यावर काकांनी गावाला सांगून ठेवलं होतं. सरपंचांच्या घरी शाल, नारळ आणि जेवण झालं. जेवणानंतर चहा घेऊन मगच शेतात येऊ असं काकांनी घरी सांगून ठेवलं होतं, पण सरांना दुपारची वेळ चुकवायची नव्हती, म्हणून आम्ही मधल्या पायवाटेनं थेट शेतात पोचलो. बरोबर काका, सरपंच आणि जेवण झाल्यामुळं मोकळी असलेली बरीच मंडळी.

यंत्राची वायर खोलीच्या खिडकीतून बाहेर येऊन विहिरीच्या पलीकडच्या लिंबाच्या झाडाजवळच्या खांबाला जात होती. सरांनी तिथंच लॅपटॉप जोडला. खोलीत जायची गरज नव्हती. पडद्यावर एक सरळ रेघ सरकत होती. लोक रेघेकडं बघत बसले. कुणीतरी सुपारी कातरली तर काकांनी त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं अडकित्ता खिशात घातला.

रेघ उसळली.

एक, मग दुसरी, मग रांगच लागली. सर हळू आवाजात म्हणाले, "सुरू झालं." सरपंच दोन पावलं मागं सरकले. सरांनी जमिनीला हात लावून बघितला, मग कान लावला. नांदेडच्या विभागात ज्यांच्या समोर भलेभले उभे राहायला घाबरत, ते सर लिंबाच्या पाल्यात आडवे झालेले मी त्या दिवशी बघितले. काकांनी टोपी नीट केली आणि हात जोडले. त्यांचं बघून बाकीच्यांनीही जोडले.

मला वायरचा दोष तर नाही ना अशी शंका होती, म्हणून मी खोलीकडं गेले. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं आणि दार आतून लावलेलं होतं. आतून गाणं ऐकू येत होतं आणि गाण्यावर एका मुलीचा आवाज इंग्रजीत मोजत होता, फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट. मी कडी वाजवली. गाणं बंद झालं. त्याच क्षणी लिंबाखालून सरांचा आवाज आला, "थांबलं!"

दार बोटभर उघडलं. काकू होत्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला, चेहरा लालबुंद. मागं यंत्राच्या झाकणाला टेकवून मोबाईल उभा केला होता.

"ताई, आत या अन् दार लावा आधी."

मी आत गेले. काकूंना बोलायला दम लागत होता. लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना शुगर सांगितली होती आणि अंग हलवा म्हणाले होते. पुण्याच्या लेकीनं मोबाईलवर नाचाचा व्यायाम पाठवला होता. आता पन्नाशी उलटलेल्या बाईनं उड्या मारायच्या कुठं? गावात कुणी बघितलं तर वर्षभर पुरेल एवढं बोलणं झालं असतं. जावा तर हसून हसून मेल्या असत्या.

"घरात उडलं तर पत्रा वाजतो," काकू म्हणाल्या. "लोकं भाईर पळतेत. हितं तुमचा कोबा लई चांगला हाय. गुडघ्याला बी तरास न्हाई."

मी विचारलं, गुरुवारी?

"गुरुवारी उपास असतो. उपाशी कामून उडू?"

यंत्रात सगळं उमटतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांची समजूत अशी की मशीनला फक्त खालचं कळतं, वरचं कसं कळेल. मी सांगितलं तेव्हा त्या ओट्याच्या कडेला बसल्या आणि यंत्राकडं अशा बघायला लागल्या, जणू घरातल्याच माणसानं चुगली केली. मग मला म्हणाल्या, ह्यांना सांगू नका, आणि डोळ्याला पदर लावला. मला हसू येत होतं आणि त्या रडत होत्या, त्यामुळं मला हसताही येईना.

मी बाहेर आले. लिंबाखाली सगळे माझीच वाट बघत होते. सर कपड्यांवरचा पाला झटकत उठले.

"वायर ठीक आहे?"

"ठीक आहे सर. उगम सापडला."

सरांचे डोळे चमकले. "किती खोल?"

"शून्य," मी म्हणाले. "किंबहुना वरच."

सरांनी माझ्याकडं बघितलं, खोलीच्या बंद दाराकडं बघितलं, मग काकांकडं. माणूस हुशार होता. त्यांना किती कळलं ते मला त्या क्षणी कळलं नाही, पण त्यांनी लॅपटॉप मिटला आणि घसा साफ करून लोकांना सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, ही स्थानिक स्वरूपाची हालचाल आहे.

काकांची छाती फुगली. ते मंडळींकडं वळून म्हणाले, "स्थानिक हाय. आपलीच हाय."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी सरांना सगळं सांगितलं. सर औसा येईपर्यंत बाहेरच्या उसाकडं बघत होते. मग एकदम हसायला लागले, इतके की ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फळा पुसला. मला म्हणाले, काकूंना सांग, व्यायाम बंद करू नका, फक्त वेळ मोडू नका. ठरलेल्या वेळची नोंद आपण बाजूला काढू. शिवाय यंत्र चालू आहे की नाही तेही कळेल. आमच्या विभागात त्या नोंदीला 'काकू' असंच नाव पडलं. कार्ड उघडलं की सर विचारायचे, काकू आहेत का? आहेत म्हटलं की पुढचं काम सुरू.

काकांना काकूंनीच एक दिवस सांगून टाकलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण पुढच्या महिन्याच्या कार्डात काकूंच्या ठोक्यांसोबत दुसरे ठोके दिसायला लागले. जड, बेताल, काकूंच्या मागून येणारे आणि थोड्याच वेळात संपणारे. मग बराच वेळ एकट्या काकू. मी गेले तेव्हा काका विहिरीवर होते. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, यंत्रात कुणाचं जास्त दिसतं? मी म्हणाले, काकूंचं. ते मोटार चालू करायला वळले. पारावर मात्र म्हणे सांगून आले की आता जमिनीची हालचाल वाढली आहे.

आणि मग एका सकाळी मी विभागात डबा उघडून बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. काकू होत्या.

"ताई, आत्ताचं मी न्हाई बरं का. हे बी न्हाईत. आमी दोघं बी अंगणात बसलोय."

मागं माणसांचा गलका होता. एक गडगड झाली होती आणि तिच्या पाठोपाठ घरं हलली होती. मी त्यांना बाहेरच थांबायला सांगितलं आणि सरांकडं पळाले. आम्ही डबा तसाच टाकून निघालो.

धक्का तसा लहान होता. कुणाला काही लागलं नव्हतं. एका घरातली घागरींची उतरंड पडली होती आणि एका घराचं जुनं कुसू, आवाराची भिंत, ढासळलं होतं. वाटेत थांबून बघितलेल्या प्रत्येक यंत्रानं तो टिपला होता, आणि सरांना ज्याची इतके महिने वाट होती ती नोंद अखेर हातात आली होती. सरांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, आणि सभोवती सगळं गाव घाबरून बसलेलं, म्हणून तो बिचारा माणूस दिवसभर तोंड पाडून फिरत होता.

संध्याकाळपर्यंत लोक घरात गेले नाहीत. काकांच्या खळ्यात बाजा टाकल्या होत्या, तीन दगडांवर पिठलं शिजत होतं. काकू भाकरी थापत होत्या. मी शेजारी बसून पीठ मळून देत होते. त्या सांगत होत्या, मोठ्या भूकंपाच्या वेळी त्या नव्या सूनबाई होत्या, आणि त्यांच्या माहेरचं घर दगडाचं होतं. तिथंच थांबून त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. मी पुढचा गोळा त्यांच्या हातात दिला. पिठलं उतरलं, माणसं जेवायला बसली, काका सरांना वाढत होते. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला, तसे सगळ्यांचे हात ताटात थांबले. ट्रॅक्टर वळणावरून पार गेल्यावर काकू म्हणाल्या, "खावा आता, पिठलं गार होतंय." आणि माणसं पुन्हा जेवायला लागली.